कोल्हापुरात उंची इटालियन रेस्टॉरंट काढायचं तर

प्रश्न: ताराबाई पार्कात जागा बघितली आहे. मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलांत असतं तसं उच्च दर्जाचं इटालियन रेस्टॉरंट काढायचं आहे, ६० जणांच्या बैठकीचं. सल्लागारानं ७० पदार्थांचा मेनू, इटलीहून मागवलेली भट्टी आणि संगमरवरी काउंटर असा आराखडा दिला आहे. कोल्हापूरकर हे खाईल का? आणि पैसा कशावर घालू?

उत्तर:

कोल्हापूरकर खाईल आणि पैसेही मोजेल. इथला माणूस मटणाच्या ताटासाठी घासाघीस करत बसत नाही, कारण रश्शाच्या पहिल्या भुरक्यात त्याला माल कळतो. इटालियन खाणंही असंच पहिल्या घासात कळणारं आहे. मी चौदा वर्षं मुंबईतल्या हॉटेलांच्या इटालियन किचनमध्ये काढली, पास्ताच्या शेगडीपासून सूशेफ म्हणजे उपमुख्य आचारी होईपर्यंत, आणि गेली नऊ वर्षं हेच काम कोल्हापुरात करते आहे. त्या जोरावर सांगते, भट्टी आणि संगमरवराचं नंतर बघू. तो ७० पदार्थांचा मेनू आधी बाजूला ठेवा.

इटालियन पदार्थात चार-पाच जिन्नस असतात, कधी तेवढेही नाहीत. काचो ए पेपे म्हणजे पास्ता, पेकोरिनो चीज आणि मिरी, संपलं. आपल्या रश्शात खोबरं जरा कमी भाजलं गेलं तर तीळ, खसखस, चटणी मिळून सांभाळून घेतात. इथे सांभाळून घ्यायला कुणी नाही. चीज शिळं असेल तर ते समोर येतं, पास्ता दोन मिनिटं जास्त शिजला तर तो समोर येतो.

सुका पास्ता शिजायला साधारण नऊ ते बारा मिनिटं लागतात. शंभर ग्रॅमला लिटरभर पाणी, लिटरला दहा ग्रॅम मीठ. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या दीड-दोन मिनिटं आधी तो उपसून सॉसच्या पॅनमध्ये टाकायचा. तोवर पाणी भाताच्या पेजेसारखं गढूळ झालेलं असतं. त्यातलं पळीभर पॅनमध्ये घालायचं आणि मनगटानं पॅन पुढे-मागे झोकत राहायचं. तेल आणि ती पेज एकजीव होते, पास्त्यावर चकाकी चढते, सॉस खाली न साचता प्रत्येक नळीला धरून बसतो. इटालियन आचारी याला मान्तेकारे म्हणतात. ही चकाकी दोन-तीन मिनिटं टिकते. तेवढ्यात ताट टेबलावर पोचलं पाहिजे.

आता शनिवारची रात्र डोळ्यांपुढे आणा. कोल्हापूर जेवायला नऊला बाहेर पडतं आणि सगळी टेबलं वीस मिनिटांत भरतात. साठ माणसांत पंचवीस पास्ता आले, तर एका शेगडीवरची दोन माणसं पाच प्रकार नीट काढतील. पंधरा प्रकार असले की पास्ता दुपारीच उकडून तेल लावून ठेवावा लागतो, सॉस डब्यांत भरून ठेवावे लागतात, आणि मग उंची म्हणण्याजोगं त्या ताटात काही उरत नाही. सगळा मिळून २० ते २२ पदार्थांचा मेनू करा. त्यात पास्ता पाच किंवा सहा, पिझ्झा चार, रिसोत्तो म्हणजे इटालियन मऊ भात एक, गोड तीन. बाकी ऋतूप्रमाणे फळ्यावर लिहा.

पैसा कशावर घालायचा? सगळ्यात आधी दुधावर. तुमच्या सल्लागारानं मोझरेल्ला इटलीहून विमानानं मागवायला सांगितलं असेल, तर त्याला एकदा पहाटे गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर उभं करा. ज्या गावात म्हैस समोर उभी करून धार काढून फेसाळ दूध प्यायला लोक रांग लावतात, त्या गावात मोझरेल्ला बाहेरून का आणायचं? इटलीतलं सगळ्यात मानाचं मोझरेल्ला काम्पानिया भागातलं, नेपल्स-सालेर्नोकडचं, आणि ते म्हशीच्याच दुधाचं असतं. म्हशीच्या दुधात स्निग्धांश साधारण सात टक्के, गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट. गोकुळचा दूध संघ १९६३ सालचा आहे, म्हणजे या जिल्ह्यात म्हशीच्या दुधाचं संकलन आणि जाण साठ वर्षांहून जुनी आहे. तुम्हाला फक्त त्यापुढची एक पायरी शिकायची आहे.

ती पायरी सांगते, कारण माझ्या मते तुमचं रेस्टॉरंट चालणार की नाही ते इथे ठरतं. दूध ६३ अंशांवर अर्धा तास धरायचं. घरच्यासारखं उकळलं की काम बिघडलं, उकळलेलं दूध चीजसाठी नीट थिजत नाही. मग ते ३५-३६ अंशांवर आणून त्यात विरजण आणि रेनेट, म्हणजे दूध थिजवणारं विकर, घालायचं. अर्ध्या-पाऊण तासात ते खरवसासारखं थिजतं. त्याचे अक्रोडाएवढे तुकडे करून त्यातून सुटलेल्या पाण्यातच आंबट होऊ द्यायचे, चार-पाच तास. मग मूठभर तुकडे कढत पाण्यात टाकून बघायचे. तुटले तर थांबायचं. ओढल्यावर रेशमासारखी लड निघाली तर ताबडतोब सगळं ८५-९० अंशांच्या पाण्यात घ्यायचं, लाकडी दांड्यानं उचलून-उचलून ताणायचं आणि अंगठा-तर्जनीच्या चिमटीत धरून गोळे तोडायचे. मोत्सारे म्हणजे तोडणे, त्यावरून मोझरेल्ला. चार-पाच लिटरला किलोभर उतरतं. फ्रिजमधून थेट वाढायचं नाही. सुरी लावल्यावर बशीत पांढरं पाणी सुटलं पाहिजे.

पहिल्या उन्हाळ्यात माझी लड सलग नऊ दिवस तुटत होती. रोज वीस-पंचवीस लिटर दूध पनीरसारखं वापरून टाकावं लागलं. मी रेनेट बदललं, विरजण बदललं, हात भाजून घेतले. शेवटी पीएच मीटर लावला तेव्हा दिसलं की आंबटपणा चढतच नाहीये. दूध उन्हात दोन-दोन तास फिरत होतं आणि नासू नये म्हणून वाटेत कुणीतरी त्यात सोडा टाकत होतं. त्यानंतर मी करवीर तालुक्यातल्या दोन गोठ्यांशी थेट बोलणी केली, बाजारापेक्षा लिटरमागे वरचा भाव दिला आणि धार काढल्या काढल्या कॅन बर्फाच्या पाण्यात ठेवायची अट घातली. दहाव्या दिवशी लड हातभर निघाली. पीएच मीटर पहिल्या खरेदीत घ्या आणि काउंटरचा संगमरवर तेवढ्यानं कमी करा.

रेनेटवरून एक गोष्ट, जी कोल्हापुरात फार गांभीर्यानं घ्यायची आहे. पार्मिज्यानो रेज्ज्यानो या मुरलेल्या इटालियन चीजमध्ये दूध, मीठ आणि रेनेट एवढंच असतं, आणि ते रेनेट वासराच्या जठरातून काढलेलं असतं. नियमच तसा आहे. ते पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना आणि लगतच्या ठरलेल्या भागातच बनतं, किमान १२ महिने मुरतं, आणि त्यात वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवांपासूनचं रेनेट चालत नाही. पेकोरिनो रोमानो आणि ग्राना पादानोचीही तीच गत. म्हणजे हिरवा ठिपका लावलेल्या मेनूतला पास्ता, त्यावर किसलेलं पार्मिज्यानो, आणि समोर जैन किंवा माळकरी कुटुंब. त्यांनी विचारलं नाही म्हणून सांगायचं नाही, हे मला मान्य नाही. मोठमोठ्या किचनमध्ये हे सर्रास होताना मी पाहिलं आहे आणि तिथे गप्प राहिल्याची टोचणी मला आजही आहे. तुम्ही दोन किसण्या आणि दोन डबे ठेवा. शाकाहारी ताटांना सूक्ष्मजीवजन्य रेनेटचं, आपल्याकडे बनणारं मुरलेलं चीज वापरा आणि मेनूवर स्पष्ट लिहा. स्वतःच्या मोझरेल्लालाही तेच रेनेट घाला. तिरामिसू या गोड पदार्थातल्या मास्कारपोने चीजला रेनेट लागत नाही, सायीला लिंबाचा किंवा टार्टारिक आम्लाचा अंश पुरतो, त्यामुळे तिरामिसू तिथे अडत नाही. अडतं ते अंड्यावर. कच्च्या अंड्याचा मूळ प्रकार आणि बिनअंड्याचा प्रकार, दोन्ही ठेवा आणि बिनअंड्याच्या प्रकारात बिस्किटंही बिनअंड्याची हवीत, हे आचाऱ्याला लिहून द्या.

दुसरा पैसा अळणीवर. मटण शिजवताना मसाला पडायच्या आधी जे पाणी काढून आपण लहान पोरांना आणि आजाऱ्याला देतो, ती अळणी. इटालियन किचनमध्ये तिला ब्रोदो म्हणतात आणि रिसोत्तोचा सगळा जीव तिच्यात असतो. पांढरा रस्सा करणाऱ्या बाईला ब्रोदो शिकवावा लागत नाही. माझ्याकडे आज रिसोत्तो सांभाळणाऱ्या मावशी आधी खानावळीत होत्या. फेस कधी काढायचा, आच कधी कमी करायची, हाडातला अंश उतरला की नाही, हे त्या वासावरून सांगतात. त्यांना फक्त तांदूळ दाखवावा लागला. तांदूळ मात्र आर्बोरियो किंवा कार्नारोलीच घ्या. मी आजऱ्याचा घनसाळ आणि इंद्रायणी दोन्ही करून पाहिले. इंद्रायणीला चिकटपणा आहे, पण मधला दाणा कणखर राहत नाही, गुरगुट्या भात होतो. घनसाळचा वास इतका स्वतःचा आहे की चीजखाली तो दडपणं जिवावर येतं. शाकाहारी ब्रोदो वेगळ्या भांड्यात, वेगळ्या शेगडीवर.

आता सगळ्यांना छळणारी तक्रार: "पास्ता कच्चा राहिलाय." अल देन्ते म्हणजे दाताला लागेल एवढा कणखर. टेबलावर उभं राहून ग्राहकाला हे शिकवायला जाऊ नका. ज्यांच्या घरात उन्हाळ्यात शेवया वळून दोरीवर वाळत घातल्या जातात, त्यांना शिजणं म्हणजे काय ते कळतं, त्यांची आवड वेगळी आहे इतकंच. त्यावर माझा उपाय ताजा पास्ता. एमिलिया-रोमान्यातला अंड्याचा पास्ता, मैद्याच्या शंभर ग्रॅमला एक अंडं, मुळातच मऊ असतो. तो दोन-तीन मिनिटांत शिजतो आणि कुणालाही कच्चा वाटत नाही. त्याची ताल्यातेल्ले, म्हणजे चपट्या पट्ट्या, आणि वर तीन-चार तास मंद आचेवर मुरलेलं मटणाचं रागू, म्हणजे मांसाचा दाट सॉस. माझ्याकडे सगळ्यात जास्त हेच जातं. बोलोन्येसे मात्र म्हणू नका. बोलोन्याच्या व्यापार मंडळात १९८२ साली त्या रागूची कृती रीतसर नोंदवलेली आहे आणि ती गोमांसाची आहे. आपल्याकडे ते नाही आणि नको. इटलीच्या आब्रुत्सो भागात मेंढीच्या मटणाचं रागू पिढ्यान्‌पिढ्या होतं, तेव्हा "मटण रागू" हे नाव तिथेही खरं आणि इथेही खरं.

शेवयांवरून आठवलं. आपल्याकडचा बन्सी गहू म्हणजेच ड्युरम, ज्याच्या रव्यापासून इटलीतला सुका पास्ता बनतो; तिथे १९६७ पासून कायद्यानं सुक्या पास्त्याला तोच रवा बंधनकारक आहे. आणि आपला खपली गहू म्हणजे त्यांचा फार्रो. लग्नात गव्हाची खीर होते तोच. शिरोळ, मिरज पट्ट्यात तो पिकतो. भिजवून, कणखर शिजवून, ऑलिव्ह तेल, लिंबू, काकडी आणि घरचं मोझरेल्ला घालून मी त्याचं सॅलड करते. मध्य इटलीत फार्रो असाच खाल्ला जातो. त्यात ओढूनताणून जुळवलेलं काही नाही. एका आजींनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "ही तर आमच्या खिरीतली खपली." त्यांच्या नातवानं पुढच्या रविवारी बाराजणांचं टेबल घेतलं.

बेसिलला तुळस समजून तुळस घालू नका, हे सांगायला नको. पण बेसिल हे आपल्या सब्जाच्याच जातीचं झाड आहे, इथे छान येतं. पावसाळ्यात मात्र उघड्यावर सडतं, आडोसा लागतो. टोमॅटो पिझ्झाला डब्यातले घ्या, हिवाळ्यातले ताजे सॅलडला.

तिखटाचं विचारतील. विचारू द्या. इटलीच्या दक्षिणेला, कालाब्रियात, लोक चांगलं तिखट खातात. मिरची त्यांच्याकडे आणि आपल्याकडे, दोघांकडेही अमेरिकेतूनच आली. आल्यो ओल्यो ए पेपेरोंचिनो या लसूण-तेल-मिरचीच्या पास्त्यात मी संकेश्वरी मिरची वापरते, तेलात लसणाबरोबर मंद आचेवर. रंग कमी, वास आणि झटका पुरेसा. आपली कांदा-लसणाची चटणी मात्र पास्त्यात घालू नका, कितीही आग्रह झाला तरी. चटणी फार जबरदस्त आहे, ती ज्यात पडते त्याला आपल्या चवीचं करून टाकते, आणि तीच चव माणसाला घरी याहून चांगली मिळते.

"व्हाइट सॉस" मागणारा ग्राहक हमखास येईल. त्याला परत पाठवू नका. लोणी आणि मुरलेलं चीज पास्त्याच्या पेजेत फेटलं की साय न घालता पांढरा, घट्ट सॉस होतो, रोममध्ये फेत्तुचिने असंच करतात. एकदा खाल्लं की मैद्याचा सॉस तो पुन्हा मागत नाही, हा माझा नऊ वर्षांचा अनुभव.

भट्टीबद्दल. नेपल्सचा पिझ्झा ४३० ते ४८५ अंशांत ६० ते ९० सेकंदांत भाजला जातो. तेवढी उष्णता देणारी भट्टी पाहिजेच, पण ती इटलीहूनच आली पाहिजे असं नाही. शिवाय हिशेब बघा. स्वतंत्र रेस्टॉरंटला ५ टक्के जीएसटी लागतो आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे भट्टी, फ्रिज, फर्निचर यांवरचा सगळा कर तुमच्या खिशातून. सल्लागार बहुधा कर वगळून आकडे दाखवतात. मी आपल्याकडे बांधलेल्या लाकडाच्या भट्टीवर काम करते. तळाच्या विटा चांगल्या घेतल्या की पीठ कुठली भट्टी ते विचारत नाही.

जागेबद्दल मला खरी काळजी आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत, नागाळा पार्कच्या काही भागांत शिरलं होतं, आणि पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला होता. तुम्ही बघितलेली इमारत कोणत्या पातळीवर आहे, त्या दोन्ही वर्षी तिथे पाणी कुठवर आलं, हे शेजारच्या वॉचमनला आणि दुकानदारांना विचारा, दलालाला नको. तळघरात कोल्ड स्टोअर अजिबात नको. सुका पास्ता, टोमॅटोचे डबे, तेल आणि मुरलेलं चीज जून संपायच्या आत महिनाभराचं भरून ठेवा. रस्ता बंद झाला तरी तेवढ्यावर छोटा मेनू चालतो.

वाइन ठेवायची असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, त्याला वेळ जातो, अर्ज आधी करा. पण त्यावर नफ्याचं गणित बांधू नका. इथे टेबलावर आजी-आजोबा असतात आणि त्या टेबलावर बाटली उघडली जात नाही. शिवाय बुधवार, शुक्रवार, रविवार मटणाचे. श्रावणात आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी तेच लोक शाकाहारी असतात. त्यामुळे मेनूतली शाकाहारी बाजू उरल्यासुरल्या पदार्थांची करून चालणार नाही.

वाढण्याची पद्धतही इथली ठेवा. इटलीत आधी आन्तिपास्तो म्हणजे सुरुवातीचं हलकं खाणं, मग पास्ता, मग मांस, प्रत्येकाचं आपलं ताट. इथे आठजणांचं कुटुंब सगळं मधोमध ठेवून वाटून खातं. ते चूक नाही. पण मग वेटरला सांगावं लागतं: दोन पास्ता एकदम आणू नको, पहिला संपत आला की दुसऱ्याची ऑर्डर आत सोड. बशा गरम हव्यात, कारण वाटून घेण्यात तीन मिनिटं जातात आणि ती चकाकी तेवढ्यातच उतरते. मुंबईत मी कधी वाटपासाठी मोठे चमचे दिले नव्हते, इथे पहिल्या आठवड्यात दोन डझन घेतले.

भाडेकरारावर सही करायच्या आधी एक काम करा. घरच्या किंवा भाड्याच्या स्वयंपाकघरात सलग चार रविवार वीस माणसांना जेवायला बोलवा, ओळखीतल्या पाच आणि अनोळखी पंधरा. पदार्थ तीनच: घरचं मोझरेल्ला, मटण रागूची ताल्यातेल्ले, तिरामिसू. पैसे घ्या, फुकट जेवणारा खरं सांगत नाही. कुठल्या बशीत काय उरलं ते रोज वजन करून लिहा. मोझरेल्लाच्या पहिल्या दिवशी पहाटे पाचला गोठ्यावर यायचं असेल तर मी बरोबर येईन. कॅन आणि बर्फ तुमचं.